मदत हवी आहे: आंब्याच्या कामावर बायकांची मजुरी कमी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी तालुक्यातली. आमच्या वाडीतल्या बायका हंगामात आंबा पॅकिंगला जातात. झाडावर चढून काढणीचं काम पुरुष करतात, त्याची मजुरी जास्त असते, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण शेडमध्ये निवडणं, वजनाप्रमाणे वेगळं करणं, पेंढा घालून पेट्या भरणं हे काम दोघंही शेजारी बसून करतात. तिथे पुरुषाला ६०० आणि बाईला ३५०! वर शेड झाडणं, चहा करणं हेही बायकांच्याच वाट्याला.

१९७६ च्या समान वेतन कायद्यात एकाच प्रकारच्या कामाला सारखी मजुरी सांगितलीच होती, २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. मालक म्हणतात, "मग सगळ्यांनाच ३५० देतो." वाचलं त्याप्रमाणे तसंही करता येत नाही, बरोबरी करताना कुणाची मजुरी घटवायची नाही. पण हे त्यांना सांगणार कोण? पुढच्या वर्षी कामावर बोलावणार नाहीत, या भीतीने काकी-मावश्या गप्प आहेत.

सहाय्यक कामगार आयुक्तांकडे सगळ्यांनी मिळून अर्ज दिला तर नावं मालकापर्यंत जातात का? मजुरी रोख मिळते, हजेरी मालकाच्या वहीत, मग पुरावा काय धरतील? देवगड, वेंगुर्ल्याकडे कुणी असा अर्ज केला असेल, किंवा बोलून मजुरी वाढवून घेतली असेल, तर कसं केलंत ते कृपया सविस्तर लिहा. हंगाम सुरू व्हायच्या आधी बोलायचं आहे.