गणितात दोन इयत्ता पुढे असलेल्या मुलीसाठी खासगी शाळा की सरकारी?

चौकसपालक:
मुलगी ९ वर्षांची, चौथीत. वाचन वयाच्या बरंच पुढे, गणितं सहावीची सोडवते. अक्षर आणि लिहिण्याचा वेग मात्र वयाइतकाच. वर्गातलं काम लवकर उरकतं, मग चुळबुळ सुरू. सध्या सरकारी शाळेत आहे: पट ४०, शिक्षिका चांगल्या. एका खासगी शाळेत जागा मिळते आहे: पट २०, माहितीपत्रकात 'प्रज्ञावंतांसाठी विशेष उपक्रम' असं छापलंय. फी झेपेल, पण ओढूनताणून. कशाच्या आधारावर ठरवावं? नुसतं 'घाला खासगीत' नको, कारणं सांगा.

खडूफळा:
शाळा नंतर. 'सहावीची गणितं सोडवते' म्हणजे नक्की काय, ते आधी मोजा. पुस्तकातलं उदाहरण बघून पुढची पाच गणितं सोडवणं वेगळं आणि न शिकवता वार्षिक पेपर सोडवणं वेगळं. चौथीचा वार्षिक पेपर द्या, मग पाचवीचा, मग सहावीचा. वेगवेगळ्या दिवशी, वेळ लावून, मदत न करता. ८५ टक्क्यांच्या वर गेली तर पुढच्या इयत्तेचा पेपर. ५०च्या खाली आली की थांबा. तिची खरी पातळी त्या दोन पेपरांच्या मध्ये कुठेतरी असते. कुठल्या धड्यातले प्रश्न चुकले त्याची नोंद ठेवा, कारण एकूण गुणांपेक्षा पुढे तीच उपयोगी पडते.

चौथीच्या पेपरात ९८ पडले यातून काहीच कळत नाही. जेमतेम चौथीचं पक्कं असलेलं मूल आणि तीन वर्षं पुढे असलेलं मूल, दोघांनाही ९८च पडतात. मानसशास्त्रज्ञ ज्यूलियन स्टॅन्ली यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज-प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. वरच्या वयाची परीक्षा दिली की 'हुशार' या एका शब्दाखाली दडलेले फरक दिसायला लागतात.

लेखनाचा वेग वेगळा तपासा. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत खूप तफावत असेल, तर शाळा कोणतीही असो, तिथे आधी ते सांगावं लागेल. नाहीतर विचार पुढचा आणि हात मागे, या कात्रीत मूल सापडतं आणि शिक्षक 'आळशी' असा शिक्का मारून मोकळे होतात.

वेळापत्रकवाला:
पटाचा आकडा फसवा आहे. २० मुलांच्या वर्गातही सगळ्यांना एकच धडा एकाच वेगाने शिकवला, तर तुमच्या मुलीसाठी काही बदलत नाही. फक्त ती कंटाळलीय हे बाईंना लवकर दिसतं.

मोठ्या सरकारी शाळेचा एक फायदा लोक विसरतात, तो म्हणजे संख्या. एका इयत्तेत चार-पाच तुकड्या असतील, तर पुढे असलेली पाच ते आठ मुलं एकाच तुकडीत बसवता येतात आणि एका तयार शिक्षकाला तो गट सांभाळता येतो. त्याला वेगळा वर्ग लागत नाही, वेगळा पैसाही लागत नाही. दोन तुकड्यांच्या छोट्या खासगी शाळेत तिच्या जोडीला बसवायला मूलच नसतं. उलट खासगीत मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर आठवड्यात निर्णय होतो. सरकारीत वयाचा नियम, वरची मंजुरी आणि अर्जाचा प्रवास. पण खासगीत जे एका माणसाच्या मर्जीने मिळतं, ते तो माणूस बदलला की जातंही. सरकारीत लेखी आदेश निघाला की तो निदान फाइलमध्ये राहतो.

एका विषयापुरतं पुढच्या इयत्तेत बसवायचं म्हटलं की गाडी नेहमी वेळापत्रकावर अडते. सहावीचा गणिताचा तास तिच्या वर्गाच्या खेळाच्या तासाला येतो. मग तिचा खेळ बुडतो आणि महिनाभरात तीच 'नको' म्हणते. म्हणून दोन्ही शाळांत एकच विचारा: 'चौथीचा आणि सहावीचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवता येईल का?' त्यावर जे वेळापत्रक काढून बघतात, त्यांनी असं काम आधी केलेलं असतं. 'बघू, करू काहीतरी' हे उत्तर नाही.

दुसरी अडचण शेवटच्या इयत्तेची. प्राथमिक शाळा संपते त्या वर्षी पुढचं गणित दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्याच शाळेत असतं. मग तिने काय करायचं? हे आजच विचारून ठेवा.

उलटतपासणी:
खासगी शाळांच्या निकालांवर भाळू नका. निवडून घेतलेल्या मुलांचे निकाल चांगले लागणारच. अमेरिकेत पियांटा आणि अन्सारी यांनी हजाराहून अधिक मुलांचा पंधराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला (२०१८). घरचं उत्पन्न आणि पार्श्वभूमी हिशेबात धरल्यावर खासगी शाळेतल्या मुलांची आघाडी उरली नाही. २०१४ चा एक अभ्यास बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेश-परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांचा आहे. त्यात थोडक्यात प्रवेश मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या मुलांची तुलना केली, तर पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. हे सरासरीचे निष्कर्ष आहेत, तुमच्या मुलीचं भविष्य नव्हे. पण नावाजलेल्या शाळेने आपोआप काही घडतं हा समज तरी सोडा.

'विशेष उपक्रम' म्हणजे काय ते कागदावर बघायला मागा. मागच्या महिन्यात पुढे असलेल्या मुलांनी केलेलं काम दाखवा म्हणावं. बहुतेक वेळा तीन गोष्टी निघतात: त्याच पातळीच्या जास्त वर्कशीट, आठवड्यातून एक तास कोडी, आणि मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं काम. तिसरं तर फुकट मास्तरकी. आठवड्याचा एक तास चांगला असला तरी उरलेले सगळे तास कंटाळ्याचेच राहतात.

आणि निवडक मुलांत गेल्यावर मुलाचा स्वतःबद्दलचा अंदाज खाली येतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवलं आहे. क्षमता तीच असते, तुलनेला समोर असलेली मुलं बदलतात. म्हणून क्रमांक फळ्यावर लावतात का, तेही विचारा.

चौकसपालक:
सगळ्यांचे आभार. आहे त्या शाळेतच आधी प्रयत्न करून बघावा असं वाटतंय. मुख्याध्यापकांकडे नेमकं काय मागू? एक अख्खी इयत्ता गाळणं बरं की फक्त गणित?

खडूफळा:
तुम्ही सांगताय त्यावरून फक्त गणित. अख्खी इयत्ता गाळली की लेखनाचं ओझं सगळ्या विषयांत एकदम वाढेल. आयोवा विद्यापीठात यासाठी एक मापनश्रेणी तयार झाली आहे. बुद्ध्यंक ११५ च्या खाली असेल, मुलाची स्वतःची इच्छा नसेल, किंवा भावंड त्याच किंवा पुढच्या इयत्तेत असेल, तर इयत्ता गाळू नये असं ती सांगते. इच्छेचा मुद्दा पालक हटकून विसरतात, तेव्हा मुलीला विचारा.

मागणी छोटी ठेवा. प्रत्येक धडा सुरू होण्याआधी त्या धड्याची शेवटची चाचणी तिला द्यावी. ८५ टक्के पडले तर तो धडा तिला माफ, चुकलेला भाग तेवढा शिकवावा, आणि वाचलेल्या वेळात पुढच्या इयत्तेचं काम द्यावं. 'बसून वाच' असं नको. अमेरिकेतले शिक्षण-संशोधक जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी ही पद्धत बसवली. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात शिक्षकांनी निवडलेल्या मुलांचा ४० ते ५० टक्के अभ्यासक्रम गाळला, तरी गुण घसरले नाहीत.

फसतं कुठे? चाचणी कोण काढणार आणि कधी तपासणार हे ठरलेलं नसतं. ४० मुलांच्या बाई दोन आठवडे करतात, मग राहून जातं. म्हणून पहिल्या महिन्याच्या चाचण्या तुम्हीच पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचांतून काढून द्या. तपासणी बाईंचीच राहू द्या, नाहीतर 'पालकांनी केलंय' म्हणून निकाल धरत नाहीत.

वेळापत्रकवाला:
अर्जाला तुमच्या पेपरांचा तक्ता जोडा: इयत्ता, तारीख, गुण, चुकलेले धडे. सहा आठवड्यांची चाचणी-मुदत मागा आणि मुदत संपल्यावरच्या बैठकीची तारीख आत्ताच लिहून घ्या. ठरलेलं सगळं वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीने असू द्या, कारण नवीन वर्षात बाई बदलल्या की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात होते. आणि खासगी शाळेच्या प्रवेशाची शेवटची तारीख या सहा आठवड्यांच्या आत येत नाही ना, ते आधी बघा. येत असेल तर मुदत चार आठवडे करा.