रात्री उशिरा घरी येते, पर्समध्ये चाकू ठेवू की पेपर स्प्रे?

सिस्टर_नाशिक: मी एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. दुसरी पाळी सुटायला रात्रीचे दहा वाजतात. पाथर्डी फाट्याला रिक्षातून उतरले की पुढे दहा मिनिटं पायी. गेल्या आठवड्यात एक बाइकवाला हळूहळू मागे येत होता. भावाने घडीचा चाकू आणून दिलाय. ठेवू का?

रोहन_के: ठेवच ताई. नऊ इंचांच्या आतल्या पात्याला लायसन्स लागत नाही. दाखवला तरी पळेल.

निवृत्त_वर्दी: रोहन, लायसन्स नाही म्हणून सगळं संपत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं (1951) कलम 37 आहे. सणासुदीत, निवडणुकीत त्याखाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकू, लाठ्या सगळं येतं. मी पोलिसात असताना असे आदेश राबवलेत.

सिस्टर, कायदा बाजूला ठेवला तरी चाकू नकोच. तो वापरायचा तर माणूस हाताच्या अंतरावर यावा लागतो, आणि तोच हात पिरगळला की चाकू त्याच्याकडे. स्प्रे दोन-तीन मीटरवरून लागतो. आपल्याला त्याला लोळवायचं नाहीये, पळायला वेळ मिळवायचाय.

पण स्प्रे पर्सच्या तळाशी, डबा आणि छत्रीखाली असेल तर शून्य उपयोग. रिक्षातून उतरायच्या आधीच तो मुठीत घ्यायचा, अंगठा बटणावर, लॉक कुठल्या बाजूला सरकतं हे बोटांना न बघता कळलं पाहिजे. मी कॉलनीतल्या मुलींना मुदत संपलेला स्प्रे देऊन गच्चीवर मारायला लावते, वाऱ्याकडे पाठ करून. समोरून वारा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. मारायचा चेहऱ्यावर, डोळ्यांच्या रेषेत, आणि लगेच बाजूला होऊन ओरडत उजेडाकडे, माणसांकडे धावायचं.

फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस आजच बघ. पॉवरचं बटण काही फोनवर तीनदा, काहींवर पाचदा दाबलं की 112 ला कॉल जातो. मागे बाइक आहे असं वाटलं तर घराकडे वळूच नकोस, उघड्या मेडिकलमध्ये किंवा पेट्रोलपंपावर शीर आणि तिथून फोन लाव. घर कुठलं हे त्याला कळायला नको.

सिस्टर_नाशिक: काकू, त्याला जास्त लागलं तर माझ्यावरच केस होईल ना?

निवृत्त_वर्दी: स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. मर्यादा याच संहितेच्या कलम 37 मध्ये: बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तो अंगावर येतोय तोवर हक्क तुझा. तो डोळे धरून बसला, तू निसटलीस, आणि मग परत जाऊन लाथा घातल्यास, तर तो बचाव राहत नाही. निसटल्यावर आधी 112, मग पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार. गाडीचा नंबर, शर्टाचा रंग, जे आठवतं ते लगेच फोनमध्ये लिहून ठेव.

सिस्टर_नाशिक: चाकू भावाला परत करते. पण घरी चार वर्षांची पोर आहे, पर्स उचकायची सवय आहे तिला.

निवृत्त_वर्दी: मग चप्पल काढायच्या आधी स्प्रे पर्समधून काढून वरच्या कपाटात, कुलपात. चुकून उडालाच तर पोरीला डोळे चोळू देऊ नकोस, नळाच्या गार पाण्याखाली बराच वेळ धरायचं, कपडे बदलायचे, खिडक्या उघडायच्या. श्वास लागला तर थेट दवाखाना. आणि स्प्रेवरची मुदत बघून घे, जुना झाला की आतला दाब कमी होतो.