अल्कलीतल्या जिवाणूंचं अमायलेज : निपाणी-बेळगाव पट्ट्यात खळ काढायला घ्यावं का?

निपाणी प्रोसेस
कोऱ्या सुती मालाची खळ (विणण्याआधी सुताला पाजलेली पेज) आपण पीएच ६-७ ला साध्या अमायलेजने, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमने काढतो, पाणी सोडतो, मग सुतावरचं मेण-मळ काढायला कॉस्टिक सोड्याची उकळी देतो. बॅसिलस या क्षारप्रेमी (अल्कलीत वाढणाऱ्या) जिवाणूचं अमायलेज पीएच ९-१० ला, ७० अंशांवर चालतं. मग दोन्ही कामं जिगरवर (कापड रुळांवरून पाण्यात मागे-पुढे फिरवणारं यंत्र) एकाच पाण्यात का नकोत? उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्याला एक धुणं वाचणं फार आहे. घ्यावंच.

जिगर मास्तर
नाही पटत, अण्णा. कॉस्टिकच्या उकळीचा पीएच १३ च्या आसपास. म्हणजे १० च्या हजारपट अल्कली. तिथं हे एन्झाइम लगेच मोडतं. आणि पाजणी, म्हणजे सुताला खळ, कशाची केली ते आधी विचारा. मक्याच्या स्टार्चची असेल तर ठीक. चिंचोक्याची पूड किंवा पीव्हीए (कृत्रिम खळ) असेल तर कुठलंच अमायलेज त्याला हात लावत नाही.

निपाणी प्रोसेस
कॉस्टिक नकोच. जोडीला अल्कलाइन पेक्टिनेज (सुतावरचं पेक्टिन तोडणारं, अल्कलीत चालणारं एन्झाइम) घ्या: पीएच ८.५-९, ५५-६० अंश, वेटिंग एजंट (कापड लवकर भिजवणारं रसायन), पाऊण तास ते तास. मग पाणी ९० अंशांवर न्या, म्हणजे सुतावरचं मेण वितळून सुटतं. ते केलं नाही तर कापड पाणी शोषत नाही आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो.

सूक्ष्मजीव बेळगाव
अल्कली आवडणं आणि उष्णतेत टिकणं हे दोन वेगळे गुण आहेत. जपानी शास्त्रज्ञ होरिकोशींनी १९७१ मध्ये दाखवलेलं अमायलेज पीएच १०-१०.५ ला उत्तम चालायचं. तेवढ्यावरून ते तासभर ७० अंश सोसेल असं ठरत नाही. विक्रेत्याकडून "उत्तम तापमान" घेऊ नका, तो आकडा बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या चाचणीचा असतो. ६० अंशांना अर्धी ताकद किती वेळात जाते, ते विचारा.

खरी अडचण कॅल्शियमची. बरीच अल्फा-अमायलेज त्याच्या आधाराने आपल्या रेणूची घडी टिकवतात, घडी मोडली की काम थांबतं. चाचणी होते ग्लायसिन बफरमध्ये (पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणात), वरून कॅल्शियम क्लोराइड घालून. तुमच्या टाकीत सोडा ॲश (धुण्याचा सोडा) पडला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. पाण्याचा जडपणा घालवायला टाकलेला सिक्वेस्टरिंग एजंट उरलंसुरलं ओढून घेतो. शिवाय २५ अंशांना पीएच १० लावलेला ग्लायसिन बफर ७० अंशांना साधारण ९ वर उतरतो, म्हणजे "पीएच १०" हा दावाच पोकळ. पीएच गरम पाण्यातच मोजा.

खळ उरली का ते पाहायचा आयोडीनचा थेंबही (स्टार्च असेल तर निळा होतो) जपून. कापडात अल्कली राहिली तर आयोडीनचा रंग आपोआप उडतो आणि खळ गेली असं वाटतं. आधी ॲसेटिक ॲसिडने उदासीन करून धुवा, मग थेंब टाका.

जिगर मास्तर
कॅल्शियमचं पटलं. पण सरकीच्या टरफलाचे ठिपके पेक्टिनेज काढत नाही. त्याला कॉस्टिक किंवा कडक पेरॉक्साइड ब्लीच लागतंच. पांढऱ्या आणि फिक्या मालाला तुमचं वाचलेलं पाणी तिथंच खर्च होणार. गडद रंगाच्या, मक्याच्या खळीच्या मालापुरतं मी मान्य करतो, त्यापुढे नाही.

निपाणी प्रोसेस
गडद मालापासूनच सुरू करू. एकाच ताग्याचे दोन तुकडे, एक जुन्या रीतीने, एक नव्या; दोन्हींवर आयोडीन आणि पाण्याचा थेंब शोषायला लागणारे सेकंद. सोडा ॲशऐवजी बोरॅक्सने पीएच ९ धरू, म्हणजे कॅल्शियम तसं खाली बसणार नाही.