‘फँटम ऑफ द पॅराडाइज’ (१९७४): खरोखर चांगला चित्रपट, की केवळ चाहत्यांचा लाडका?

टेपकर

ब्रायन डी पाल्मा यांचा ‘फँटम ऑफ द पॅराडाइज’ हा चित्रपट नुकताच पाहिला. तो चांगला आहे की नाही, हेच मला ठरवता येत नसल्यामुळे जाणकारांचे मत हवे आहे. पुढे शेवटाचाही उल्लेख येणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी जपून वाचावे.

कथा थोडक्यात अशी. विन्स्लो लीच नावाचा अप्रसिद्ध संगीतकार सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टच्या आख्यानावर एक दीर्घ रचना करतो. स्वान नावाचा रेकॉर्ड कंपनीचा सर्वेसर्वा ती लाटतो आणि विन्स्लोला अमली पदार्थांच्या खोट्या आरोपात अडकवून तुरुंगात धाडतो. तिथून निसटलेल्या विन्स्लोचा चेहरा रेकॉर्ड छापण्याच्या यंत्रात चिरडला जातो, आवाजही जातो, आणि मग पक्ष्याच्या चोचीसारखे शिरस्त्राण घालून तो स्वानच्या ‘पॅराडाइज’ या नव्या नाट्यगृहात दडून राहतो. फाउस्ट, ऑपेरा-गृहात लपून राहणारा विद्रूप फँटम आणि स्वतः तरुण राहून ज्याचे चित्र म्हातारे होते तो डोरियन ग्रे अशा तीन कथा दीड तासात कोंबल्या आहेत, आणि मधूनच हिचकॉकच्या स्नानगृहातील प्रसिद्ध खुनाची थट्टाही आहे, जिथे सुरीऐवजी मोरी साफ करण्याचा रबरी दट्ट्या वापरला आहे. मला अडचण इथेच वाटते. विन्स्लोबद्दल करुणा वाटू लागते न लागते तोच दिग्दर्शक हसवतो, आणि हसू यावे तर पुन्हा रक्त दिसते.

शिवाय उपहासाचा विषय तरी कोणता? कंपनीचा मालक दुष्ट असतो आणि गर्दी मूर्ख असते, हे सांगायला १९७४ मध्येही कोणाची आवश्यकता नव्हती. आज या चित्रपटाचे जे नाव घेतले जाते ते डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीत-जोडीतील दोघांना तो अतिशय प्रिय होता आणि त्यांनी २०१३ च्या आपल्या अल्बमसाठी या चित्रपटाचे गीतकार-संगीतकार पॉल विल्यम्स यांना बोलावले, या कारणाने अधिक घेतले जाते, असा मला संशय आहे. प्रदर्शनाच्या वेळीही समीक्षकांत एकमत नव्हते. ‘न्यूयॉर्कर’मध्ये पॉलीन केल यांनी त्याची भरभरून स्तुती केली होती, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला तो फारसा रुचला नव्हता. हा चित्रपट स्वतःच्या बळावर टिकतो का?

सप्तक

टिकतो, आणि मुख्यतः गाण्यांच्या बळावर टिकतो. परंतु ‘गाणी छान आहेत’ असे म्हणून सोडून देण्याइतके ते सोपे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण उपहासाचा विषय विचारलात. चित्रपटातले पहिलेच गाणे पुन्हा ऐकावे. ‘ज्यूसी फ्रूट्स’ नावाचे तीन गायकांचे टोळके पन्नाशीच्या दशकातील पद्धतीने, चिकट केस आणि ‘डू वॉप’ या त्या काळच्या समूहगायनाच्या थाटात, एडी नावाच्या गायकाची गोष्ट गाते. आपल्या मृत्यूनंतर रेकॉर्ड खपेल आणि त्या पैशांतून बहिणीची शस्त्रक्रिया होईल, या हिशेबाने हा एडी जीव देतो. ठेका इतका उडता आहे की शब्दांकडे लक्ष जाण्यापूर्वीच पाय हलू लागतो. शेवटी स्वानला नायिका फीनिक्स हिचा खून थेट प्रक्षेपणात, देशभरच्या दूरचित्रवाणी संचांवर घडवून आणायचा असतो, आणि प्रेतांच्या भोवती गर्दी नाचत राहते, तेव्हा एडीच्या गाण्यात जे म्हटले होते तेच अक्षरशः घडते. मृत्यू हा सर्वांत खपणारा माल आहे, हा या चित्रपटाचा विषय, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत आपल्याकडूनच टाळ्या वसूल करून सांगितला जातो. गर्दी मूर्ख आहे असे म्हणणारा चित्रपट प्रेक्षकाला गर्दीपासून वेगळे बसवतो. इथे तशी सोय ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट त्या तिघांची. तेच तीन नट पुढे ‘बीच बम्स’ होऊन समुद्रकिनाऱ्याची, मोटारींची गाणी गातात आणि अखेरीस तोंडे रंगवून ‘अनडेड्स’ म्हणून भयनाट्य सादर करतात. स्वानला संगीताची आवड आहे की नाही, हे चित्रपट कुठेच सांगत नाही. कोणता पोशाख यंदा विकला जाईल, एवढे मात्र त्याला अचूक कळते. बीच बम्सच्या तालमीचा प्रसंग तर केवळ तंत्रासाठीही पाहण्याजोगा आहे. पडदा दोन भागांत विभागलेला असून गाडीत बॉम्ब ठेवण्यापासून स्फोटापर्यंतचा घटनाक्रम दोन्ही बाजूंनी अखंड दिसतो. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’च्या आरंभाला दिलेली ती उघड सलामी आहे, परंतु इथे वर गाणेही चालू असते आणि ते संपण्याआधी काय होणार हे आपल्याला ठाऊक असते.

आता मुख्य मुद्दा. सर्व गाणी पॉल विल्यम्स यांची आहेत आणि स्वानची भूमिकाही त्यांनीच केली आहे. हे गृहस्थ त्या काळी ‘कार्पेंटर्स’ या पॉप गायक-जोडीसाठी रॉजर निकोल्स यांच्यासोबत अत्यंत गोड, अत्यंत लोकप्रिय गाणी लिहून नावाजले होते. म्हणजे ज्या कारखान्याची टिंगल चालली आहे, त्याच कारखान्यातला निष्णात कारागीर हे सारे घडवतो आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला प्रसंग आठवा. टाँटो हा अवाढव्य सिंथेसायझर, ज्यावर त्याच सुमारास स्टीव्ही वंडर यांचे अल्बम घडत होते, त्याच्या भिंतीएवढ्या पसाऱ्यात विन्स्लो बसलेला आहे आणि त्याच्या घशातून नुसती घरघर निघते. स्वान बटणे फिरवत जातो, घरघर हळूहळू स्वच्छ होते, आणि जो आवाज बाहेर पडतो तो पॉल विल्यम्स यांचाच असतो. लुटणारा आणि लुटला गेलेला एकाच गळ्याने गातात. दिग्दर्शकाने हे तत्त्वज्ञान म्हणून केले की केवळ सोय म्हणून, याने मला फरक पडत नाही. पडद्यावर ते घडते आणि अंगावर येते.

या संगीतासाठी विल्यम्स आणि जॉर्ज अ‍ॅलिसन टिप्टन यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. पुरस्कार मात्र ‘द ग्रेट गॅट्स्बी’साठी नेल्सन रिडल यांना गेला.

मृण्मयी_व

सप्तक यांचा प्रतिसाद आवडला, परंतु त्यांनी संगीताची बाजू लढवली आणि चित्रपटाची बाजू आपोआप जिंकली असे गृहीत धरले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

फीनिक्सचे पात्र पाहा. जेसिका हार्पर यांचा खर्जातला आवाज खरोखर विलक्षण आहे. निवड-चाचणीच्या वेळी जबरदस्तीच्या प्रसंगातून ती स्वतः निसटते, तेव्हा वाटते की या मुलीला काही कणा दिला आहे. पुढे मात्र गर्दीचा एकदा जल्लोष ऐकला की ती स्वानच्या स्वाधीन होते, आणि हे स्थित्यंतर दाखवायला चित्रपटाला दोन मिनिटेही नकोशी वाटतात. लोकप्रियतेची चटक कशी लागते, हा इथला सर्वांत गंभीर विषय होता. तो तिच्या वाट्याला आला असता तर मी आनंदाने हार मानली असती. प्रत्यक्षात तिला बक्षीस म्हणून दोन पुरुषांच्या मध्ये उभे केले आहे.

बीफचेही तसेच. गेरिट ग्रॅहम यांनी तो गायक धमाल रंगवला आहे, हे मान्य. परंतु मंचावर दांडगट आणि पडद्यामागे नखरेल, या एकाच विनोदावर ते पात्र उभे आहे, आणि तो विनोद समलिंगी पुरुषांकडे बोट दाखवून केलेला आहे. ‘त्या काळी असेच असे’ हे उत्तर मला ऐकवू नये. पुढच्याच वर्षी आलेला ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ नेमक्या त्याच नटण्यामुरडण्याला चित्रपटाच्या केंद्रस्थानी बसवतो आणि त्याच्या बाजूने उभा राहतो. दोन्ही चित्रपट अपयशी ठरून नंतर जगले, पण एकाने ज्यांच्यावर हसले जाते त्यांना आपले प्रेक्षक बनवले आणि दुसऱ्याने नाही.

संगीताविषयीही एक शंका आहे. विन्स्लोची मूळ रचना थोर असून ज्यूसी फ्रूट्सने ती नासवली, असे आपण मानावे ही कथेची अट आहे. मला तर दोन्ही सारखीच गोड वाटली. मग नेमके नासले काय?

कलम_सतरा

मृण्मयी यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की नासली ती मालकी. चाल कानाला तितकीच गोड राहते आणि तरीही ती ज्याची होती त्याची राहत नाही. व्यवसायामुळे माझा करारपत्रांशी रोजचा संबंध असल्याने असेल, परंतु मला या चित्रपटातील सर्वांत भीतिदायक वस्तू तो मुखवटा वाटला नाही, स्वानने विन्स्लोकडून सही करून घेतलेला करार वाटला. वीटभर जाडीचा तो दस्तऐवज विन्स्लो मेणबत्त्यांच्या प्रकाशात चाळतो, आणि त्यातील एका कलमाचा आशय असा असतो की यात जे वगळले आहे तेही समाविष्ट धरले जाईल. विन्स्लो अर्थ विचारतो, तर स्वान म्हणतो की ते तुझ्याच संरक्षणासाठी आहे. हे विडंबन म्हणून लिहिले असेल. मी याहून फारशी सभ्य नसलेली कलमे वाचली आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. एकदा मानधन घेतले की गायकाचा गाण्यावर हक्क उरत नाही, असे मोहम्मद रफी मानत, आणि रॉयल्टी मिळालीच पाहिजे असे लता मंगेशकर म्हणत. साठच्या दशकात या मतभेदामुळे दोघे काही वर्षे एकत्र गायले नव्हते. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला वाटा कायमचा लिहून देता येणार नाही, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी जावेद अख्तर यांना राज्यसभेत बाजू मांडावी लागली. त्यामुळे टेपकर जे ‘सांगायला कोणाची आवश्यकता नव्हती’ म्हणतात, ते मला पटत नाही.

गंमत म्हणजे मालकीच्या वादाने या चित्रपटालाच ओरबाडले आहे. पटकथेत स्वानच्या कंपनीचे नाव ‘स्वान साँग’ होते. त्याच वर्षी लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडने त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्यांचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी हरकत घेतली. चित्रीकरण झालेले होते, म्हणून अनेक दृश्यांत ते नाव झाकून त्यावर ‘डेथ रेकॉर्ड्‌स’ आणि मेलेल्या पक्ष्याचे चिन्ह चिकटवावे लागले, काही दृश्ये छाटावी लागली. नीट पाहिले तर ही ठिगळे आजही दिसतात. चित्रपट विस्कळीत वाटतो अशी तक्रार करताना थोडा दोष या कात्रीच्याही माथी मारावा.

प्रेअरीवासी

मी कॅनडात विनिपेगला राहतो, म्हणून एवढेच जोडतो. अमेरिकेत हा चित्रपट पडला, परंतु इथे आणि पॅरिसमध्ये तो उचलून धरला गेला. इथे तो काही महिने चालला आणि त्याला गर्दी करणारे बहुतांशी शाळकरी वयाचे होते. त्यांनी फाउस्ट वाचला नव्हता, हिचकॉक पाहिला नव्हता. तेव्हा ‘संदर्भ ओळखणाऱ्यांचा चित्रपट’ हा त्याच्यावरचा आरोप इथे तरी लागू पडत नाही. तीच मुले मोठी झाल्यावर २००५ आणि २००६ मध्ये त्यांनी मेळावे भरवले आणि चित्रपटातील कलाकार त्यांना हजर राहिले. डाफ्ट पंकचा तो अल्बम त्यानंतरचा आहे, त्यामुळे कीर्तीचे श्रेय त्या दोघांना देऊ नये.

टेपकर

सर्वांचे आभार. एडीच्या गाण्याचा आणि शेवटाचा सप्तक यांनी दाखवलेला संबंध मला मोलाचा वाटतो, आणि करारपत्राबद्दल कलम_सतरा यांच्याशी मी सहमत आहे. विन्स्लोपुरता चित्रपट माझ्या मते आता भक्कम उभा राहतो.

परंतु फीनिक्सच्या बाबतीत मी मृण्मयी यांच्याच बाजूला आहे, आणि माझ्या दृष्टीने हा दोष किरकोळ नाही. स्वान तिला जे देऊ करतो तेच त्याने विन्स्लोलाही देऊ केले होते. एकाच्या स्वाक्षरीला मेणबत्त्या, रक्त आणि पुरा प्रसंग, तर दुसरीच्या होकाराला मोटारीतला एक छोटासा संवाद. ज्या गायिकेसाठी हे सारे रामायण घडते, तिचा सौदा पाहण्याची उत्सुकता दिग्दर्शकाला वाटली नाही, याचे समर्थन संगीताच्या किंवा छाटलेल्या दृश्यांच्या आधारे कोणी करू शकेल का? सप्तक, आपले उत्तर वाचायला आवडेल.

सप्तक

समर्थन करता येणार नाही. फक्त तिचे शांत गाणे पुन्हा एकदा ऐकावे, असे सुचवतो. बीफ मेल्यानंतर खवळलेल्या गर्दीपुढे ती ते गाते आणि लोक प्रथमच गप्प होतात. तिचा सौदा मला त्याच क्षणी झालेला दिसतो, मोटारीत नव्हे. गाणे संपल्यावर टाळ्या कोसळतात तेव्हाचा तिचा चेहरा पाहा. पटकथेने जे लिहिले नाही ते हार्पर यांनी तिथे केले आहे. तेवढे पुरेसे नाही, हे मात्र मला मान्य आहे.