पुढे असलो की मारामारी करायचीच का?

घोडेस्वार:
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा परवा बुद्धिबळ स्पर्धेत हातातला डाव बरोबरीत सुटला. एक उंट जास्त होता. 'पुढे असलीस की मारामारी कर' (म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल) असं क्लासमध्ये शिकवलंय, तिने ते मनापासून पाळलं. वजीर गेले, हत्ती गेले, मग प्यादीही. उरला फक्त काळ्या घरांतून चालणारा उंट आणि ए-पट्टीतलं, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेतलं, एकच प्यादं. ते वजीर होणार ए-८ वर, म्हणजे पांढऱ्या घरात! समोरच्या पोराने राजा त्या कोपऱ्यात नेऊन बसवला. उंटाला तो तिथून हुसकावता येत नाही, प्यादं रेटलं की स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही नाही, डाव बरोबरीत. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. हा नियम मुलांना शिकवणं बंद करा.

तिरपी चाल:
असहमत. नियम तुमच्या मुलीला अर्धाच मिळाला. पुढे असताना मोठ्या मोहऱ्यांची मारामारी करायची, प्यादी राखायची. मागे असताना उलट. बी-पट्टीतलं प्यादं राखलं असतं तर डाव तिचाच होता. २०२४ च्या जगज्जेतेपदाचा सिंगापूरमधला चौदावा डाव आठवा. गुकेशसमोर तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन. डिंग एका प्याद्याने मागे, पण बरोबरी हाताशी. ५५ व्या चालीला त्याने हत्ती एफ-२ वर आणून मारामारी स्वतःच देऊ केली. गुकेशने हत्ती मारला आणि उंट डी-५ वर ठेवला. डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात, पळायला जागाच नाही, डाव गेला. साधा नियम पाळला असता तर?

घोडेस्वार:
डिंगला नियम माहीत नव्हता असं नाही हो. हत्तींमागोमाग उंटही जाणार, हे त्याला दिसलं नाही. आणि बळ सारखं असेल तेव्हा तुमचा नियम काय सांगतो? १९७१, ब्युनोस आयर्स, अमेरिकेचा बॉबी फिशर विरुद्ध सोव्हिएत संघाचा पेट्रोशियन, सातवा डाव. फिशरचा घोडा सी-५ वर असा ठाण मांडून बसलेला, की आपल्यापैकी कुणी तो दिला नसता. त्याने तो डी-७ वरच्या मरगळलेल्या उंटासाठी दिला, कारण पेट्रोशियनची घरं तोच उंट सांभाळत होता. मग हत्ती सी-पट्टीतून सातव्या ओळीत घुसला. ३४ चालींत खेळ खलास.

सातवी ओळ:
मी मुलांना शिकवतो. फिशरचा घोडा लहानांना दाखवला की आठवडाभर सगळे चांगले घोडे देत सुटतात. त्यामुळे नियम हवाच. पण मारण्याआधी मी हात मांडीवर ठेवायला लावतो: दोन्ही मोहरी मनातल्या मनात उचल आणि उरलेला पट मोठ्याने सांग.

घोडेस्वार:
हे पटलं. काल तोच शेवट बी-पट्टीचं प्यादं ठेवून मांडून दिला. जिंकली. मग बराच वेळ पटाकडे बघत म्हणाली, "बाबा, हे प्यादं मी का मारू दिलं?"