डेट्रॉइटमधील पार्डुची यांची शिल्पे : हात नेमका कोणाचा?

जिज्ञासू : डेट्रॉइटच्या ग्रिसवोल्ड रस्त्यावरील बुल (१९२५), पेनॉब्स्कॉट (१९२८) आणि गार्डियन (१९२९) या तिन्ही इमारतींचे आराखडे वर्ट रोलंड यांचे असून, त्यांवरील शिल्पांसाठी कॉराडो पार्डुची यांचे नाव घेतले जाते. याच काळात शहरातील मेसॉनिक टेंपल या फ्रीमेसन संघटनेच्या वास्तूचे शिल्पकामही पार्डुची यांनी केले. एवढ्या थोड्या वर्षांत एकट्या माणसाने इतका दगड कोरला कसा?

मातीकाम : त्यांनी तो कोरलाच नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. पार्डुची हे मुख्यतः मातीत नमुना घडवणारे शिल्पकार होते. वास्तुरचनाकाराच्या रेखाटनावरून ते मातीत आकृती उभी करत, तिच्यावरून प्लास्टरची प्रत निघे आणि त्या प्रतीवरची मापे दगडावर उतरवून पाथरवट प्रत्यक्ष छिन्नी चालवत. टेराकोटाच्या कामात भाजताना माती आक्रसते, म्हणून मूळ नमुना मुद्दाम थोडा मोठा ठेवावा लागतो. शिवाय आकृती अनेक मजले वर बसणार असेल, तर नाजूक रेषांचा काहीच उपयोग नसतो. खालून दिसते ती सावली, आणि ती पडावी म्हणून डोळ्यांच्या खोबणी व वस्त्राच्या चुण्या जरा जास्तच खोल घ्याव्या लागतात. जवळून असे काम ओबडधोबड वाटते, पण तो दोष नव्हे.

जुनी वास्तू : थोडी भर घालतो. इटलीतील बुती या गावी १९०० मध्ये जन्मलेले पार्डुची लहानपणीच न्यूयॉर्कला आले आणि तिथेच शिकले. वास्तुरचनाकार आल्बर्ट कान यांच्या कामासाठी १९२४ मध्ये ते डेट्रॉइटला गेले ते काही दिवसांपुरतेच, पण मोटारींच्या पैशावर शहर इतक्या वेगाने बांधले जात होते की ते तिथलेच झाले. पुढे मंदीने उंच इमारतींची कामे थांबली, तरी त्यांचा हात थांबला नाही; प्राणिसंग्रहालयातील अस्वलांचे कारंजे १९३९ मधले आहे.

जिज्ञासू : आभार. म्हणजे नमुना त्यांचा आणि छिन्नी इतरांची. मग त्या पाथरवटांची नावे कुठेच कशी दिसत नाहीत, याचेच मला आता अधिक वाईट वाटते.

मातीकाम : पाथरवट रोजंदारीवर असत आणि इमारतीवर नाव लागलेच तर वास्तुरचनाकाराचे. पार्डुची यांचे नाव आपण घेतो, हाच खरे तर अपवाद आहे.