गोळी दिवसाआड, भांडण रोज

रावेरची_सून:
मिस्टरांना (वय ३४) बारा वर्षांपासून फिट येते. व्हॅल्प्रोएट चालूच होतं, तरी महिन्या-दीड महिन्यात एक ठरलेली. मागच्या महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी सोबत लॅमोट्रिजिन दिलं. २५ मिलिग्रॅम, तीही दिवसाआड! पंधरा दिवसांत सात-आठ गोळ्या गेल्या असतील, आणि परवा केळीच्या बागेत ठिबकची नळी जोडताना फिट आलीच. सालदाराने नाकाला चप्पल लावली, तो वेगळा संताप. सासूबाई म्हणतात डॉक्टर बदला. हे म्हणतात, एवढ्याशा गोळीने काय होतं, रोज दोन घेऊन पाहतो. किती दिवस थांबायचं असतं?

धुळेकर_भाऊ:
ताई, दोन घेऊ देऊ नका. व्हॅल्प्रोएट सोबत असलं की लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर निघत नाही, साचत जातं. म्हणून दिवसाआड. घाईने वाढवलं तर अंगावर असं पुरळ उठू शकतं की जिवावर बेततं.
मला एकटं लॅमोट्रिजिन होतं: दोन आठवडे २५, मग दोन आठवडे ५०, मग टप्प्याटप्प्याने वर. दुसऱ्या महिन्यात दोन फिट आल्या. मी वैतागून गोळ्याच सोडल्या, आठ दिवस. घरी सांगितलं नाही. नवव्या दिवशी लागोपाठ दोन, आणि डॉक्टरांनी पुन्हा २५ पासून सुरुवात करायला लावली. मोठा गॅप पडला की जुन्या डोसवर उडी मारता येत नाही म्हणे. दोन महिने पाण्यात. बायकोने गाडीची चावी डाळीच्या डब्यात लपवली होती, ती मला वर्षभराने मिळाली.

चोपड्याचा_केळीवाला:
भो, त्यांना एवढंच विचारा, महिन्याभराचा युरिया एका दिवसात बागेला सोडाल का?

भुसावळ_मेडिकल:
मी औषधाच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही. पण रोज हेच बघतो. अजून पूर्ण डोस सुरूच झालेला नाही, तर औषध चाललं नाही असं कसं ठरवणार? महिन्याला एक फिट असेल तर पूर्ण डोसवर तीन-चार महिने गेल्याशिवाय फरक कळत नाही. तरी परवाची फिट डॉक्टरांना फोनवर कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जुनी गोळी स्वतःहून बंद करू नका.
पुरळाचं मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांनाच घामोळ्या येतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पहिल्या दोन महिन्यांत काहीही उठलं की त्याच दिवशी दाखवा. तोंडात फोड किंवा ताप असेल तर रात्रीसुद्धा निघा.
सालदाराला सांगा, चप्पल नको, कांदा नको, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

रावेरची_सून:
युरियाचं ऐकून हे हसले, पण गोळीचं पाकीट माझ्या हातात दिलं. डॉक्टरांना फोन केला, हाच डोस चालू ठेवा म्हणाले.
एक चूक सापडली. विषम तारखेला गोळी असं ठरवलं होतं. मग ३१ ला घेतली आणि दुसऱ्या दिवशी १ तारीख, परत घेतली! तेही डॉक्टरांना सांगितलं. आता कॅलेंडरवर कुंकवाचे ठिपके लावलेत, पुढच्या महिन्यापर्यंतचे. सासूबाई विचारतात, एवढे उपवास कोणाचे?